हेड घासायला निघालात? आधी लक्ष्मणरावांची गोष्ट ऐका

पावसाळी बंदी संपत आली की मुरब्यात एकच घाई उडते. जाळी दुरुस्त होतात, होडीला रंग लागतो, बर्फाची आणि डिझेलची चौकशी सुरू होते. नेमके अशा वेळी इंजिन पांढरा धूर सोडू लागते, तेल दुधासारखे दिसते आणि तांडेलाच्या पोटात गोळा येतो. मिस्त्री हेड उतरवतो, जळालेले पॅकिंग दाखवतो आणि हेड घासून आणायला सांगतो. मग ते जड हेड गोणपाटात गुंडाळून माणूस बोईसरचा रस्ता धरतो.

शेतकरी बंधूंनो, तुमचेही तेच. भाजीच्या मळ्याला पाणी चालू असते, ऊन कडक असते आणि डिझेल पंप बसतो. पीक काही चार दिवस थांबत नाही. हेड कुठे द्यावे, कुणाच्या हातात द्यावे, हा प्रश्न तेव्हा साधा राहत नाही. चांगल्या हाती पडले तर पुढचे काही हंगाम निर्धास्त. भलत्या हाती पडले तर घासून आणलेले हेड पंधरा दिवसांत पुन्हा उतरवायची पाळी!

आज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे लेथ, ड्रिल, ग्राइंडिंग यंत्रे आपल्या हाताच्या अंतरावर आली आहेत. आपल्याला फक्त निवड करायची असते. सव्वाशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याला निवडीचाही प्रश्न नव्हता, कारण गावाच्या जवळपास असे दुकानच नव्हते. यंत्र विलायतेचे आणि त्याचा सुटा भागही विलायतेचा. मोडले की पडून राहिले. हे चित्र बदलण्यासाठी ज्या मराठी माणसाने आयुष्य घातले, त्यांची गोष्ट आज सांगतो. नाव तुम्हाला माहीत आहे. तुमच्या पंपावर, इंजिनावर ते कोरलेले असेल. माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नसतो.

रंग कळेनात, रेघ कळे

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांचे मन कधी रमले नाही. हात मात्र स्वस्थ बसत नसत. चित्रे काढावीत, एखादी वस्तू उघडून बघावी, पुन्हा जोडावी, हा नाद. घरात अशा मुलाचे काय व्हायचे ही काळजी असतेच, तशी तिथेही होती. पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले.

तिथे पहिला घाव बसला. काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत, असे निघाले. चित्रकाराला रंग कळू नयेत म्हणजे मासेमाराला वारा कळू नये तशातली गत! दुसरा कुणी गाव गाठता. लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढायला रंग लागत नाहीत. तिथे लागते ते माप, प्रमाण आणि स्वच्छ रेघ. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले.

इथे जरा थांबून विचार करा. ज्याने पुढे लोखंड ओतले, त्याची सुरुवात घणापासून नव्हती, मापापासून होती. वर्गात मुलांना शिकवावे आणि वेळ मिळेल तेव्हा तिथल्या वर्कशॉपमध्ये शिरून यंत्रे स्वतः चालवून बघावीत, असा त्यांचा क्रम. कागदावरचा भाग लोखंडात कसा उतरतो, ते त्यांनी हात काळे करून शिकून घेतले.

बढती हुकली, वाट सापडली

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. त्या काळी ही वस्तू नवलाची होती. त्यांनी रामुअण्णांशी विचार केला आणि १८८८ साली बेळगावात दोघा भावांचे सायकलींचे दुकान निघाले. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली पाठवायच्या, तिकडे रामुअण्णांनी त्या विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर बंधू हे नाव इथून सुरू झाले. वस्तू विकली की काम संपत नाही, ती माणसाला वापरता आली पाहिजे, हा धडा त्यांना सायकलीनेच दिला.

पुढे १८९७ साली इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, जागा मात्र एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. गोरेपणाकडे बघून माणूस निवडण्याचा तो काळ. लक्ष्मणरावांनी वाद घातला नाही. नोकरी सोडली आणि बेळगावला परत आले. पगाराची नोकरी सोडून यंत्रांच्या मागे लागणे म्हणजे त्या दिवसांत वेडेपणाच होता. घरी बायको होती, संसार होता.

नांगराने जमीन बाटते म्हणे!

बेळगावात सायकलींच्या दुकानाबरोबर त्यांनी छोटेसे वर्कशॉप थाटले. पहिले लक्ष गेले ते शेतकऱ्याकडे. कडबा अख्खा टाकला की जनावर निम्मा तुडवते. तो कापून घातला तर वैरण पुरते. म्हणून कडबा कापायचे यंत्र त्यांनी बनवले. त्यानंतर विलायती लोखंडी नांगर पुढ्यात ठेवून, त्याचा एकेक भाग अभ्यासून, आपल्या मातीला आणि आपल्या बैलाला चालेल असा नांगर बनवला. साल होते १९०३.

नांगर तयार झाला, पण घेणारा कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते, माती नासते, असा समज गावोगाव पक्का होता. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर चाललेला. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली! त्या दोन वर्षांत घरात काय चालले असेल, याची कल्पना उधारीवर जगलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. लक्ष्मणराव शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे झाले नाहीत. शेतकऱ्याची शंका ही त्याच्या पोटाची शंका असते, हे त्यांना कळत होते. वर्षाचे पीक एका अवजारावर पणाला लावायचे तर तो दहादा विचार करणारच. नांगर शेतात चालवून दाखवावा, फाळ झिजला तर दुसरा मिळेल याची खात्री द्यावी, लाभ डोळ्यांनी दिसू द्यावा, हाच त्यावर उपाय होता.

फाळाची गोष्ट लहान वाटते, पण सारे मर्म तिथेच आहे बघा. लोखंडी नांगराचा फाळ झिजणारच. तो चार कोसांवर मिळाला तर नांगर शेतात राहतो, नाही मिळाला तर उकिरड्यावर पडतो. इंजिनाच्या हेडचेही असेच आहे. इंजिन चांगले की वाईट हे नुसते इंजिनावर ठरत नाही, दुरुस्ती किती जवळ आणि किती नीट होते त्यावर ठरते.

एकाने उठवले, एकाने बसवले

आता कुठे जम बसू लागला, तोवर बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा मागितली. कारखाना उचला, असा हुकूम. यंत्रे, भट्टी, माणसे, सगळे घेऊन जायचे कुठे? वय चाळिशीचे, पदरी कर्ज. ज्याच्या घराची जागा कधी प्रकल्पात गेली असेल, त्याला या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तेव्हा धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंधच्या एका बांधकामाच्या कामामुळे लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी घरोबा झाला होता. राजेसाहेबांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. संस्थान छोटे, खजिना बेताचा, पण माणूस ओळखण्याची नजर मोठी.

जमीन कसली, निवडुंगाचे रान! पाणी नाही, सावली नाही, सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणरावांनी तिथे मुक्काम ठोकला. सोबत पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे. निवडुंग तोडला, झोपड्या उभ्या केल्या, यंत्रे बसवली. हीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनचे नावही तेच झाले.

त्यांच्या भोवती जमलेली माणसे बघितली तर आश्चर्य वाटते. पदवीची भेंडोळी फार थोड्यांकडे. शंभूराव जांभेकर यंत्रातले जाणते, मंगेशराव रेगे हिशेबाला आणि कारभाराला, अनंतराव फळणीकर शाळेवर रुसून आलेला पण डोक्याने तल्लख. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीचे राखणदार नेमले आणि त्या माणसांनी विश्वास राखला. शिवाशीव पाळायची नाही, हा वाडीचा दंडक होता. माणसाला काम येते का आणि तो कामाशी प्रामाणिक आहे का, एवढेच बघायचे. मिस्त्री निवडताना आपणही एवढे बघितले तरी पुष्कळ.

तोफांचे नांगर झाले

१९१४ साली महायुद्ध पेटले. विलायती अवजारांची आवक थांबली आणि ज्या नांगराला कुणी हात लावत नव्हते, त्याला मागणी आली. पण आता लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. दगडी कोळशाला पर्याय म्हणून लाकडी कोळशावर भट्टी चालवून पाहिली. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे धाव घेतली. महाराजांनी गडावरच्या जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. तोफेचा नांगर होणे, याहून चांगली दुरुस्ती दुसरी कोणती असेल?

१९२० साली किर्लोस्कर बंधूंची लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. नांगरामागोमाग उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे आणि पंप वाडीतून बाहेर पडू लागले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आले आणि वडिलांच्या हातच्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली.

आता आपल्या हेडपर्यंत येऊ. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे किर्लोस्करांचा लेथ बनवण्याचा कारखाना निघाला. लेथ म्हणजे वर्कशॉपची आई. लेथ असेल तर व्हॉल्व्ह गाइड, बुश, शाफ्ट हे सारे गावाशेजारी बनते. नसेल तर प्रत्येक खिळ्यासाठी मुंबई गाठा. हरिहरचा तो कारखाना पुढे बंद पडला, पण देशी लेथ हाती आल्यामुळेच तालुक्याच्या गावी छोटी वर्कशॉपे उभी राहू शकली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला. मोटेच्या जागी इंजिन आले ते अशा कारखान्यांच्या जोरावर.

शेवटचा मोठा घाव १९४८ सालचा. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आगी लागल्या. निवडुंगाच्या रानात उभे केलेले काम म्हातारपणी जळताना पाहणे, ही शिक्षा कुणाच्या वाट्याला येऊ नये. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता हेड कुणाला द्यावे?

ही गोष्ट ऐकल्यावर बोईसरला जाऊन काय बघायचे, ते आपोआप कळते. दुकानाची पाटी बघू नका, तो माणूस मापे घेतो का ते बघा.

हेड हाती घेताच जो आधी साफ करतो, त्यावर सरळ पट्टी उभी-आडवी-तिरपी धरतो आणि फटीत फिलर गेज घालून बघतो, तो जाणता. किती वाक आला आहे हे न मोजता जो थेट मशीनवर चढवतो, त्याला नमस्कार करा आणि पुढे चला. एक मिलिमीटरचा दहावा भाग वाकला तरी पॅकिंग जळायला पुरते.

घासण्याआधी तडा बघायला सांगा. मोठ्या दुकानात दाबाखाली पाणी भरून तपासतात. साधा उपाय घरीही होतो. हेड कोरडे करून रॉकेल लावावे, थोड्या वेळाने पुसून टाकावे आणि खडूची पूड फासावी. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा विशेष बघावी. तडा गेलेले हेड घासण्यात पैसे घालू नयेत.

होडीच्या इंजिनाची आणखी एक गोष्ट. जिथे खारे पाणी थेट इंजिनात फिरते, तिथे हेडच्या आतल्या पाण्याच्या वाटा गंजून पातळ होतात. वरून हेड झकास दिसते, आतून पोखरलेले असते. तसे असेल तर नवे हेड घेणे स्वस्त पडते. बिडाच्या हेडला वेल्डिंग करता येते, पण ते जपून तापवून, हळूहळू थंड करून करणाऱ्या माणसाचे काम आहे. घाईघाईत मारलेला जोड समुद्रात दगा देतो.

घासले म्हणजे हेड पातळ झाले. पातळ झाले म्हणजे पिस्टन आणि हेड यांतले अंतर कमी झाले. काही जण ताकद वाढावी म्हणून मुद्दाम जास्त घासून मागतात. हा मोह टाळा. दाब वाढतो, ठोका बसतो, व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन लागतो आणि शंभराच्या जागी हजारांचे काम निघते. म्हणून घासण्याआधीची आणि नंतरची जाडी कागदावर लिहून घ्या. व्हॉल्व्ह किती खोल बसतो तेही लिहून घ्या. हेड बसवताना पिस्टनवर शिशाची तार ठेवून, इंजिन हाताने एक फेरा फिरवून, चेपलेल्या तारेची जाडी मोजली की अंतर कळते. ते कंपनीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून बघावे. अंतर कमी भरले तर त्याचाही उपाय त्या पुस्तकाप्रमाणेच करावा, अंदाजाने दोन पॅकिंगे घालू नयेत.

शेवटी, पॅकिंग नेहमी नवे घाला आणि नट मधून बाहेरच्या बाजूला, क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळा. दहा मिनिटे वाचवायला एका बाजूने आवळत गेले की नुकतेच सरळ केलेले हेड पुन्हा वाकते. आणि हेड वाकले का, हेही शोधा. पाण्याचा पंप, बंद पडलेली नळी, कमी झालेले पाणी, काहीतरी कारण असणारच. ते तसेच ठेवून हेड बसवले तर महिन्याभरात पुन्हा बोईसरची वारी.

कारभारी मंडळींसाठी दोन शब्द

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनो, या गोष्टीतला एक भाग खास तुमच्यासाठी आहे. एका नगरपालिकेने कारखाना उठवला आणि एका छोट्या संस्थानाने तो बसवला. नगरपालिकेचा काही दुष्टावा नव्हता. तिला गाव वाढवायचे होते. पण तिने जागा पाहिली, औंधच्या राजांनी माणूस पाहिला. फरक एवढाच, आणि त्या फरकातून एक अख्खे औद्योगिक गाव औंधच्या वाट्याला आले.

तुमच्या गावात आयटीआय करून आलेला एखादा मुलगा असेल. हाताला वळण असेल, जागा नसेल. पंचायतीचा एखादा रिकामा गाळा रीतसर भाड्याने त्याला मिळाला, थ्री-फेज विजेच्या अर्जामागे कुणी दोनदा गेले, तर उद्या पन्नास पंप आणि तेवढ्याच होड्यांचे काम गावात होईल. लेथ पहिल्या दिवशी नसली तरी चालेल. व्हॉल्व्ह बसवणे, माप घेणे, हेड नीट बांधणे एवढे जरी गावात झाले तरी निम्म्या फेऱ्या वाचतात. नळपाणी योजनेचा पंप बंद पडल्यावर बायाबापड्यांच्या डोक्यावर हंडे येतात, तेव्हा अशा मुलाची किंमत कळते. ती आधी कळली तर बरे.

तेव्हा बंधूंनो, पुढच्या वेळी गोणपाटात हेड गुंडाळून निघाल तेव्हा खिशात एक कागद आणि पेन्सिल असू द्या. मापे लिहून घ्या, मापे विचारा. चांगला मिस्त्री त्या कागदाला हसणार नाही. तो खूश होईल. आणि असा मिस्त्री सापडला, तर त्याची मजुरी घासाघीस न करता वेळेवर द्या. निवडुंगाच्या रानात भट्टी पेटवणारा माणूस रोज जन्माला येत नाही, पण मोजून काम करणारा कारागीर आपल्या शेजारी असू शकतो. त्याला टिकवणे आपल्या हातात आहे.